नायिका तू, गाव मी

१२ जानेवारी

वहिनी,

आलं बरं का. चौदावं आलं. नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ‘निळ्या पुलाचं गाव’, भाग चौदावा आणि शेवटचा. ‘शेवटचा’ असं मुखपृष्ठावरच लाल गोलात छापलंय, जसा काही सेल लागलाय. पुस्तकांच्या दुकानातल्या बाईने माझ्यासाठी काउंटरखाली दडवून ठेवलं होतं. पिशवीत घालताना म्हणाली, “दुसऱ्या बाई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?” मी म्हटलं, “बाहेरगावी गेल्यात.” खोटं नाही ना ते? गेलीच आहेस तू बाहेरगावी.

अजून उघडलं नाहीये. नुसता वास घेतला आणि मागचा मजकूर वाचला. बेकरीवाली आजी जिवंत आहे, तेव्हा तुझा जीव भांड्यात पडू दे. लंगड्या कुत्र्याबद्दल काही लिहिलेलं नाही. लेखिकाबाईंनी त्याला मारलं असेल तर मी त्यांना पत्र लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आपले नियम मला पाठ आहेत. पुस्तक एक, खुणा दोन. तुझी निळी फीत आणि माझा चष्मे पुसायच्या कापडाचा तुकडा. दुपारी तू वाचायचं, संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून आल्यावर मी, आणि एकीने दुसरीला एका प्रकरणापेक्षा जास्त मागे टाकायचं नाही. शेवटचं प्रकरण मात्र दोघींनी मिळून, स्वयंपाकघरात, मोठ्याने. नायिका तू. बाकी सगळं गाव मी. बेकरीवाली आजी मी, खोकणारा पोस्टमन मी, अग्निशमन दलाचा ढेरपोट्या साहेब मी, कुत्राही मीच. नायकसुद्धा मीच व्हायचे, कारण दुसरं होतं कोण? चौथ्या भागाच्या वेळी दादा पाणी प्यायला आत आला आणि आपण त्याला पकडून नायकाचं एक वाक्य वाचायला लावलं, आठवतंय? ‘तू नसलीस की हे गाव मला ओळख दाखवत नाही.’ वॉशिंग मशीनच्या खोक्यावरच्या सूचना वाचाव्यात तसं वाचलं त्याने. तू हसून हसून ओट्याला धरून खाली बसलीस. त्यानंतर तो किती दिवस बोलला नाही ते जाऊ दे. हसण्यासारखं होतं, हसलो.

दादा बरा आहे. तुझी आठवण काढतो. म्हणजे तोंडाने नाही, पण तो कसा आहे ते तुला मी काय सांगू. तुझी खुर्ची जागची हललेली नाही. बदललाय तो, वहिनी. एकटा पडला की माणूस बदलतोच. आठव्या भागातला सुतार नाही का बदलला? त्याला तर आपण पहिल्या पानापासून दगड म्हणत होतो.

मग ये ना. कायमची ये असं मी म्हणत नाहीये. (म्हणतेय, पण ते तू वाचलं नाहीस असं समज.) शेवटच्या प्रकरणापुरती ये. तेरा भाग ज्या ओट्याशी वाचले, चौदावा तिथे नको? मी हळूहळू वाचत जाते, तुझी फीत माझ्या मागोमाग सरकवते, आणि शेवटच्या प्रकरणाच्या दाराशी थांबते.

तुझी वन्सं, ऊर्फ बेकरीवाली आजी


३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. इस्पितळाच्या चादरी-पडद्यांचं काम वाढलंय, सुट्टी मिळणार नाही, पुस्तक तू वाचून टाक. आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘सुईत दोरा ओवताना हल्ली दोन सुया दिसतात, एवढंच नवीन.’

एवढंच नवीन म्हणे. अगं, माझा धंदा काय? सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, आणि माझी वहिनी दोन-दोन सुयांनी पडदे शिवतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता नाही म्हणू नकोस. पुढच्या गुरुवारी, बारा तारखेला ये. थेट दुकानात ये, घरी यायची गरज नाही. दुपारी मालक जेवायला जातो, शांतता असते, मी स्वतः तुझा नंबर काढते आणि तुझ्या नाकाला साजेशी फ्रेमही देते. संध्याकाळच्या बसने परत जा. दादाला कळणारसुद्धा नाही. शप्पथ.

पुस्तकाचं म्हणशील तर निम्म्यावर आलेय. कुत्रा आहे. म्हातारा झालाय, पण आहे. या वेळची नायिका म्हणजे बेकरीवालीची नात, जी पहिल्याच भागात पूल ओलांडून शहरात निघून गेली होती आणि जिच्या नावाने आजी दर भागात एक सुस्कारा टाकायची. ती परत आलीय. तू म्हणाली होतीस की ही बया शेवटी येणार. तुझं खरं झालं आणि ऐकायला तू नाहीस, म्हणून मीच ओट्याला सांगितलं.

मधेच सहावा भागही पुन्हा काढून वाचला. सहज. तो वाचनालयाचा, बर्फाच्या वादळाचा. जनावरांचा डॉक्टर आणि ग्रंथपालबाई, वर्षानुवर्षं एकमेकांशी अबोला, आणि वाचनालयाचं दार अडकतं. सकाळी गावकरी दार फोडतात तेव्हा दोघं एका कोटात बसून गप्पा मारत असतात. किती सोपं असतं गं. एक दार तेवढं अडकावं लागतं.

गुरुवार विसरू नकोस.

तुझी वन्सं, ऊर्फ पोस्टमन (खोकल्यासकट)


१४ फेब्रुवारी

वहिनी,

शटरच्या आतली बाजू तुझी तुला माहीत आहे. मी बाहेरची सांगते. सांगून काही सुधारणार नाही, पण बसमध्ये चढताना तू विचारलंस ना, “सुचलं तरी कसं तुला?” त्याचं उत्तर द्यायला हवं.

दुकानाचा एसी बिघडलेला नव्हताच. आठवडाभर मीच त्याच्याखाली पेल्याने पाणी सांडत होते. मालक चार दिवस बघत राहिला आणि मग मला हवं होतं तेच म्हणाला, “तुझ्या भावालाच बोलावतो, घरचाच मेकॅनिक आहे.” गुरुवारी दादा आला. मालकाशी किती छान बोलतो तो, तुला ठाऊकच आहे. मुलाची चौकशी, गाडीची चौकशी, एक विनोदही केला. गिऱ्हाइकं म्हणतात, काय गोड माणूस. मालक हसत जेवायला गेला, दादा मागच्या बाजूला स्टुलावर चढला, आणि तेवढ्यात तू आलीस.

तुझे केस कापलेले बघून मी क्षणभर तुला गिऱ्हाईकच समजले. बारीक केसांत तुझी मान दिसते, ती पूर्वी कधी दिसलीच नव्हती. छान दिसत होतीस. हे तेव्हा सांगायचं राहिलं, कारण माझ्या डोक्यात वाचनालय होतं. तुला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, नंबर काढायची ती जड ट्रायल फ्रेम नाकावर ठेवली, म्हटलं, “तक्त्यावरची अक्षरं वाच, आलेच मी.” बाहेर पडले आणि शटर ओढलं.

तू शटरवर हात आपटलास. आता नीट ऐक, म्हणजे तुला कळेल मी किती मूर्ख आहे. सहाव्या भागात ग्रंथपालबाईसुद्धा दारावर हात आपटते. ‘उघडा’ म्हणते. म्हणून तू “उघड गं” म्हणालीस तेव्हा मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. मी पायरीवर बसून चहा पीत होते, वहिनी, आणि हसत होते. मग तुझा आवाज थांबला. पुस्तकातही तिथे आवाज थांबतो, कारण तो तिच्या खांद्यावर कोट टाकतो.

बऱ्याच वेळाने मी शटरला कान लावला. आत स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता. एक स्क्रू, मग दुसरा, मग तिसरा. काहीही न बिघडलेला एसी त्याने सगळा उघडला आणि सगळा परत बसवला.

मालक आला, म्हणाला, “हे बंद का?” आणि शटर वर केलं. दादा पिशवी घेऊन बाहेर पडला. “काही बिघाड नाही, कुणीतरी वरून पाणी सांडलंय,” असं मालकाला म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला. तू खुर्चीतच होतीस. फ्रेम नाकावर, तोंड तक्त्याकडे, हात मांड्यांखाली दाबलेले. हात का दाबलेस ते मला तू ते बाहेर काढल्यावर दिसलं, शटरवर आपटून तळवे लालबुंद झाले होते.

नंबर काढायचा राहिलाच. स्टँडपर्यंत मी तुझ्यामागून पळत आले, आणि तरीही, तरीही बघ, पहिला प्रश्न मी काय विचारला? “काही बोलला का गं?”

तू म्हणालीस, “वन्सं, त्याला स्टूल सरकवायचं होतं. माझा पाय मधे होता. ‘पाय घे’ एवढंसुद्धा म्हणाला नाही. थांबून राहिला. मी घेईपर्यंत.”

“मला वाटलं, कोंडलं की माणूस बोलतं.”

“मी नऊ वर्षं कोंडलेलीच होते की. बोलला?”

मग बस आली आणि तू बॅग खांद्यावर घेतलीस, आणि जे म्हणालीस ते मी इथे लिहून ठेवतेय, कारण परवापासून माझ्या कानात दुसरं काही शिरत नाही. “तुझी ती पुस्तकं नसती ना, तर मी तिसऱ्याच वर्षी गेले असते. दर वेळी म्हणायचे, एवढा भाग संपू दे. आणि तू पुढचा भाग घेऊन यायचीस.”

तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झेपलं असतं.

मला माफ कर असं लिहायला बसले होते. ते कुठेच नीट बसत नाहीये.

वन्सं


१५ फेब्रुवारी

वहिनी,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येता येता मला तुझाच राग आला. हो, तुझा.

पुस्तकं आणली हा माझा गुन्हा? मी काय तुझ्या पायात बेडी घातली? दिवसभर लोकांच्या काचा घासून घासून बोटं बधिर व्हायची. एका तासासाठी मी घरी पळत यायचे, कारण तू फीत घालून पुस्तक ओट्यावर ठेवलेलं असायचं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचीस, मी ‘त्या’ पानावर पोचले की नाही ते. तो तास मला पुरायचा. मला वाटायचं, तुलाही पुरतो.

तू एकदा म्हणायचं होतंस. तोंड होतं की तुला. नायिकेची पानं पानं भाषणं तू अशी करायचीस की मला हुंदका यायचा, आणि स्वतःचं एक वाक्य तुला सांगता आलं नाही?

आता हे वाचून बघितलं. ‘तोंड होतं की तुला.’ हे मी तुला म्हणतेय. त्या घरात. तुला.

टाकणार नव्हते हे पत्र. टाकतेय. आपण काही लपवायचं नाही असं ठरलं होतं, निदान पुस्तकांच्या बाबतीत.

वन्सं


२९ मार्च

वहिनी,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट बघत नाही असं लिहायचं होतं, पण पोस्टमन दुकानासमोरून गेला की काचा घासायच्या मशीनवर माझा हात तसाच थांबतो आणि काच जास्त घासली जाते. दोन काचा वाया गेल्या. मालक म्हणाला, “बाई, लक्ष कुठाय?”

जानेवारीत मी तुला लिहिलं होतं की दादा बदललाय. तो बदललेला नाही. तू गेलीस त्या सकाळी तुझी बॅग मी स्टँडपर्यंत उचलली, ते त्याने गॅलरीतून बघितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. एक शब्दही नाही. हे तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आली नसतीस.

तू असताना हे सगळं तुझ्या वाट्याला होतं, मला त्याचा नुसता वारा लागायचा. मी म्हणायचे, असतात काही माणसं मूग गिळून बसणारी, मनाने वाईट नसतात. मनाने! मला काय ठाऊक त्याचं मन. परवा जेवताना त्याला मीठ हवं होतं आणि माझा कोपर मधे होता. तो हात पुढे करून थांबला. मी मुद्दाम कोपर हलवला नाही. म्हटलं, आज म्हणू दे. नुसतं ‘सरक’ म्हणू दे, वसकन म्हणू दे, चालेल. तो थांबून राहिला. भिंतीकडे बघत. शेवटी माझाच कोपर आपोआप सरकला, वहिनी, मी सरकवला नाही.

तुझी ती स्टुलाची गोष्ट मला स्टँडवर कळलीच नव्हती. मला वाटलं, एवढंसं काय ते. आता कळली.

अजून एक सांगून टाकते. मी तुला बोलावत होते ते तुझ्या संसारासाठी नव्हतं. दादासाठीही नव्हतं. मला बोलायला कुणीतरी हवं होतं. तुला पुन्हा त्या खुर्चीत बसवलं की मधे तू असणार होतीस, आणि मी पुन्हा माझ्या तासाला मोकळी. एवढंच होतं ते. वर वर्ख लावला होता चौदाव्या भागाचा.

सोबत एक फ्रेम पाठवतेय. तुझं नाक वरच्या बाजूला अरुंद आहे, तिथे सगळ्या फ्रेमा घसरतात, म्हणून हिची पॅड मी वाकवून ठेवलीत. काचा घातलेल्या नाहीत. अंदाजाने नंबर घालणं आमच्या धंद्यात पाप, आणि अंदाजाने मी आधीच पुष्कळ करून बसलेय. तुमच्या इस्पितळात डोळ्यांचा डॉक्टर असेलच. तिथे तपास, तिथेच काचा घालून घे. त्यासाठी इकडे यायला नको.

पुस्तक शेवटच्या प्रकरणाच्या दाराशी थांबलेलं आहे. तुझी फीत आणि माझं कापड एकाच पानात.

वन्सं


१८ एप्रिल

वहिनी,

काल संध्याकाळी मी शेवटचं प्रकरण वाचलं. पूर्ण नाही. ते सांगायलाच हे पत्र.

आधी कार्डाबद्दल. ‘फ्रेम बसली. काचा घातल्या. एकच सुई दिसते.’ हे कार्ड मी एप्रनच्या खिशात ठेवलंय. अजून काही लिहायला हवं होतंस असं मला वाटत नाही.

तर काल सुट्टी होती. दादा आतल्या खोलीत, रेडिओ चालू. मी ओट्याशी बसले आणि ठरवलं, झालं, किती दिवस दाराशी उभं राहायचं. मोठ्याने वाचायला घेतलं. बेकरीवाली आजी बरी जमली. पोस्टमनला खोकला दिला. कुत्र्यासाठी भुंकले, तर खालच्या गल्लीतल्या खऱ्या कुत्र्याने उत्तर दिलं, आणि एकटीच हसले, आणि मग रडू आलं ते बराच वेळ थांबेना. ते सोड. तुझी वाक्यं आली की मी मनात वाचायचे आणि तेवढा वेळ गप्प बसायचे, म्हणजे तू म्हणते आहेस असं धरून.

मधेच कधीतरी रेडिओ बंद झाला होता. मला ते कळलं नाही. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी तो नेहमीच बंद व्हायचा, तुला आठवत असेल. आपल्या किलबिलाटाने वैतागून तो बंद करतो असं आपण म्हणायचो आणि आवाज खाली आणायचो.

शेवटी सगळं गाव पुलावर जमतं. तेरा भागांतल्या सगळ्या जोड्या, पोरंबाळं, ढेरपोट्या साहेब शिडीसकट. बेकरीवालीची नात बॅग घेऊन पुलाच्या मधोमध उभी आहे. आणि सगळं गाव एका आवाजात विचारतं, ‘राहशील ना?’ असंच छापलंय, सगळं गाव एका आवाजात. म्हणून मी ते आजीच्या आवाजात म्हटलं, मग पोस्टमनच्या, मग साहेबाच्या, आणि मग माझ्या. राहशील ना. पुढचं वाक्य तुझं होतं. एवढं एक मनातसुद्धा वाचवेना. त्यावर तळवा ठेवला आणि बसून राहिले.

आणि आतल्या खोलीतून दादा म्हणाला, “पुढे वाच.”

मी आधी समजले शेजारून आवाज आला. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज मी फक्त दुसऱ्यांशी बोलताना ऐकला होता. मग खुर्ची करकरली. दाराला लागूनच होती ती. भिंतीशी नाही, पलंगाशी नाही, दाराला लागून.

जानेवारीत हे झालं असतं ना, तर मी तशीच चपला घालून धावले असते आणि तुला फोन लावला असता. बोलला गं, बोलला, मिळेल ती बस पकड. असल्या कादंबऱ्यांत याच जागी नायिका बॅग खाली ठेवते. दगडाला पाझर फुटला, आता आणखी काय हवं? आपण दोघींनी तर टाळ्या वाजवल्या असत्या.

पण मी बसून राहिले आणि मला वेगळंच दिसायला लागलं. त्याला ऐकू येत होतं, वहिनी. सगळं. तेरा भाग तो त्या दाराला लागून बसला होता. तू नायिकेच्या तोंडून जे जे म्हणायचीस, ‘एक शब्द बोल माझ्याशी’ असं दुसऱ्या भागात म्हणालीस, अकराव्यात तर तू पुस्तक खाली ठेवून न बघता म्हणालीस आणि मला वाटलं काय सुंदर पाठ केलंय हिने, ते सगळं त्याने ऐकलं. त्याला आवडायचं ते. आणि पाणी प्यायला आला होता तेवढं सोडलं, तर उंबरा ओलांडून तो एकदाही आला नाही. शेवटी तोंड उघडलं ते गोष्ट अडली म्हणून. तू गेलीस तेव्हा उघडलं नाही. गोष्ट अडली तेव्हा उघडलं.

मी पुढे वाचलं नाही. म्हटलं, “पुढचं वाक्य वहिनीचं आहे.” बऱ्याच वेळाने रेडिओ लागला.

मला त्याचीही कीव आली. खोटं कशाला बोलू, भाऊ आहे माझा. पण ती माझ्यापाशी राहू दे, तुला तिचं ओझं नको.

पुस्तक या पत्रासोबत पाठवते. तुझी फीत त्याच पानावर आहे. माझं कापड मी काढून घेतलंय. तुझं वाक्य तू वाच, मोठ्याने वाच. शिलाईच्या खोलीत कुणी हसलं तर हसू दे. त्यात काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही. म्हणजे माहीत आहेच, पुलावर उभी असलेली बाई काय म्हणणार ते आता शेंबडं पोरही सांगेल. पण ते छापलेलं आहे. तू तेच म्हणायला पाहिजे असं काही नाही.

मालक म्हणत होता, दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. लहान आहे, पण खिडकी रस्त्यावर उघडते. बघते. घाई नाही.

बारीक केस कापलेली कुणी दुकानाची पायरी चढली की मी अजून मशीन बंद करते आणि मान वर करून बघते. इतकी आठवण येते तुझी. वाचायला दुसरी मालिका घ्यावी तर हातात धरवत नाही. ओट्याशी बसले की तुझी खुर्ची समोर असते, आणि मी तिच्याशी बोलते, आणि ती दादासारखी गप्प असते. तू आलीस तर मी काय करीन ते मला माहीत नाही, बहुतेक तुला सोडणारच नाही. म्हणूनच लिहून देते, माझ्या हाताने, म्हणजे पुढे कधी मी रडून-भेकून बोलावलं तर तुला हे दाखवता येईल.

बेकरीवाली आजी सांगतेय, पोस्टमन सांगतोय, शिडीवाला साहेब आणि म्हातारा कुत्राही सांगतोय. येऊ नकोस, वहिनी. पूल ओलांडलास ते बरं केलंस.

तुझं,
सगळं गाव